हिऱ्यातलं गंधक

मिरजगाव मागं टाकून हमरस्ता सोडला की बाभळींच्या आडून एक पांढुरकी वाट आत जाते. तिच्या टोकाला गर्ज्यांची वस्ती आहे. दिवाळी सरली की ही वस्ती ओस पडते. दारांना कुलपं लागतात, अंगणातल्या तुळशी वाळतात, राखणीला एखादं म्हातारं माणूस तेवढं उरतं. बाकी सगळी माणसं कोयते बांधून कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. या वस्तीतला कल्याण कानिफनाथ गर्जे पुढं हिऱ्याचं गणित मांडणारा माणूस झाला. वस्तीवर अजून कुणाला ते पुरतं खरं वाटत नाही, आणि त्यात वस्तीचा दोषही नाही.

कल्याणचा जन्म उसाच्या फडाशेजारच्या कोपीतला, पाचटाच्या झोपडीतला. बाप टायरगाडी हाकायचा, आई केशरबाई मोळ्या बांधायची. शाळेत जायच्या वयाचा झाला तसा हंगामापुरता गावच्या वसतिगृहात राहू लागला. आईबाप चैताच्या आसपास परत यायचे. तोवर पोर एकटं अभ्यास करायचं, कारण दुसरं करण्यासारखं काही नसायचं. असं करत करत तो नगरला जाऊन पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झाला आणि तालुक्याच्या गावी एका कॉलेजात तासिकेवर शिकवू लागला. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर काही नाही. कायम होण्यासाठी पीएच. डी. हवी होती, आणि पीएच. डी.साठी निदान एक लेख चांगल्या नियतकालिकात छापून यायला हवा होता. त्या लेखासाठी तो हिऱ्याच्या मागं लागला होता.

केशरबाई फडावरून फोन करायची तेव्हा विचारायची.

"हिरा लई म्हाग आसतो म्हनं. तुला दावला का कुनी?"

"न्हाई आये. हिरा लागतच न्हाई. संगणकात मांडायचा."

"मंजी खोटा."

"खोटा न्हाई. हिशेबातला."

"बरं. मांडून काय करतूस?"

"त्यात घाण कुठं बसती ते बघतो."

केशरबाई मनापासून हसली. "घाण बघाया येवढा शिकलास व्हय? आमच्याकडं ये की मग. पाचटात लई हाय."

तिची थट्टा त्याला आवडायची, कारण तिनं चुकून नेमकंच सांगितलं होतं. हिऱ्यात सगळे कार्बनचे अणू असतात. प्रत्येकाला चार शेजारी, आणि सगळे एकमेकांचे हात घट्ट धरून उभे. त्यातला एक काढायचा आणि त्याच्या जागी परका अणू बसवायचा. एवढ्याशा परकेपणानं हिऱ्याचा रंग बदलतो, त्यातून वीज वाहील की नाही तेही बदलतं. खऱ्या हिऱ्यात हे करून पाहायला मोठाल्या प्रयोगशाळा लागतात. संगणकात मात्र काही डझन अणूंची एक पेटी मांडायची, मधला एक अणू बदलायचा आणि यंत्राला विचारायचं, की बाबा, हे सगळे आता कुठं कुठं सरकून स्वस्थ होतील? यंत्र तासन्‌तास आकडेमोड करतं आणि उत्तर देतं.

या कामात त्याचा जोडीदार होता अवधूत निसळ. तोही त्याच कॉलेजात तासिकेवर. घर काष्टीला. वडील शामकांत निसळ काष्टीच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. घराण्यात तीन पिढ्या शिक्षक. अवधूतचा हात मोकळा आणि जीभ त्याहून मोकळी. स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी त्यानं कल्याणला विचारलं होतं, "गर्जे, तुम्ही ऊस तोडता ना? मग आपलं जमेल. मीही दिवसभर तोडतच असतो, पोरांची डोकी." कल्याणला राग आला होता. दुपारी तोच माणूस आपला डबा घेऊन त्याच्या बाकावर येऊन बसला, तेव्हा तो राग गेला आणि परत कधी आला नाही.

कुठला परका अणू घ्यायचा हे अवधूतनंच ठरवलं. श्रीगोंद्याच्या द्राक्षबागांवर जे धुरळतात ते, गंधक. गंधकानं आपल्याकडचा एखादा इलेक्ट्रॉन सहज सोडला, तर हिरा वीज वाहून नेईल आणि त्याचे असे सुटे भाग करता येतील की भट्टीच्या उष्णतेतही चालावेत. असा अणू जगभर लोक शोधत होते. हे दोघे काष्टीच्या घरात, पुढच्या खोलीत, सुटे भाग आणून जोडलेल्या एका संगणकावर शोधू लागले. कल्याण वाचायचा, लिहायचा, आधी झालेलं काम धुंडाळायचा. यंत्र अवधूतचं, रन लावायचा, म्हणजे यंत्राला त्या आकडेमोडीला जुंपायचा, तो अवधूत. आणि एका दुपारी अवधूतचा फोन आला, की गंधक चारी शेजाऱ्यांच्या बरोबर मधोमध बसलंय आणि इलेक्ट्रॉन अगदी काठावर आहे, हात लावायचा अवकाश की सुटेल. कल्याण वर्गात होता. त्यानं फळ्याकडं तोंड करून डोळे पुसले.

लेख लिहून झाला, परदेशी पाठवला. पहिलं नाव अवधूतचं, दुसरं कल्याणचं.

भादव्यात अवधूतला ताप आला. डेंग्यू निघाला. तो पडल्या पडल्या थट्टा करायचा, की माझ्या रक्तातल्या प्लेटलेट्स कमी झाल्यात, त्यांची पण एक पेटी मांडून बघू. मग थट्टा थांबली. गणपती उठायच्या आत अवधूत गेला. लग्न व्हायचं होतं. एकुलता होता.

दिवाळीत परदेशातून कळवलं, लेख स्वीकारला.

त्या मेलची एक प्रत काढून कल्याण काष्टीला गेला. शामकांतांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली. मग आत जाऊन विजयाकाकूंना मोठ्यानं वाचून दाखवली, इंग्रजीतून आणि मग मराठीतून. त्या दिवसापासून त्यांचं एकच चाललं. शनिवारच्या बाजारात भेटेल त्याला ते सांगायचे, की आमच्या अवधूतचा हिऱ्यावरचा लेख येतोय. बैल बघायला आलेली माणसंही माना डोलवायची. हायस्कुलात त्यांनी सांगून ठेवलं होतं, लेख आला की पहिलं पान भौतिकशास्त्राच्या खोलीत भिंतीवर लावायचं. आठवड्याआड कल्याणला फोन यायचा. "आलं का छापून?" अजून नाही म्हटलं की ते म्हणायचे, "येऊ दे सावकाश. मोठ्या ठिकाणी वेळ लागतो." मुलगा गेल्यावर बाप असा एका गोष्टीला धरून उभा होता, आणि ती गोष्ट म्हणजे ती चार-सहा छापील पानं.

पौष लागला तसं छपाईआधीचं काम आलं. एक आकृती पुसट होती, ती नव्यानं काढून मागितली होती. अवधूतचा संगणक कल्याणनं आपल्या खोलीवर आणला नव्हता, पण त्यातल्या सगळ्या फायली लेख पाठवला तेव्हाच उतरवून आणल्या होत्या. आकृतीसाठी त्यानं मूळ फाईल उघडली. वरून पाचव्या-सहाव्या ओळीवर त्याची नजर थांबली.

यंत्राला एक ओळ लिहून सांगता येतं, की चारी दिशा सारख्या धर. मग यंत्र एकाच बाजूचं गणित करतं आणि बाकीच्या बाजू त्यावरून उतरवून घेतं. काम झटपट उरकतं. पण चारी दिशा सारख्या धरल्या, की मधल्या अणूला कुठल्याच दिशेला हलायची मुभा राहत नाही. पालथ्या घमेल्यावर नेमकी माथ्यावर ठेवलेली गोटी जशी थांबून राहते, तसा तो थांबतो. थांबला म्हणजे स्वस्थ झाला असं नव्हे. म्हणून या कामातली रीत अशी, की खरा रन लावण्याआधी ती ओळ काढायची आणि परक्या अणूला स्वतःच्या हातानं केसभर बाजूला ढकलून ठेवायचं. मधोमध हीच त्याची जागा असेल, तर तो परत येईल. नसेल, तर आपल्या वाटेनं जाईल. घमेलं आणि गोटी घेऊन हे वर्गात करून दाखवायचा तो अवधूतच.

ती ओळ फाईलमध्ये तशीच होती.

कल्याणनं ती काढली. गंधकाला केसभर ढकललं आणि कॉलेजातल्या यंत्रावर रन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. गंधक परत आलं नव्हतं. तीन शेजाऱ्यांकडं सरकून चौथ्याशी त्यानं जवळपास संबंध सोडला होता, आणि तिथं ते फार सुखात होतं. इलेक्ट्रॉन काठावर नव्हता, खोल गेला होता, आडात पडलेल्या पोहऱ्यासारखा. म्हणजे हिरा वीज वाहणार नव्हता. म्हणजे लेखात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. गंधक असं सरकतं हे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. आपल्या दोघांना त्यांच्यापेक्षा वेगळं सापडलंय, हाच तर लेखाचा मान होता.

त्याला कळेना की अवधूतच्या हातून हे झालं कसं. मग कळलं. काष्टीची लाईट. लांबचा रन मध्येच तुटला की सगळं वाया जायचं. अवधूतनं आधी चाचपण्यापुरता झटपट रन लावला असणार, चारी दिशा सारख्या धरून. लाईट जायच्या आत तो संपला, आणि उत्तर एवढं देखणं आलं की पुढं ती ओळ काढायची राहून गेली.

आकृती नवी करून पाठवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. कल्याण दोन दिवस तेच मनाशी घोळवत होता. कल्याणची पीएच. डी., कायमची नोकरी, काष्टीची ती भिंत, सगळं त्या एका आकृतीवर अवलंबून होतं. पण जगात कुणीतरी ते वाचून खऱ्या हिऱ्यात गंधक घालणार, वर्ष घालवणार, आणि मग अवधूत निसळ या नावापुढं जे लिहिणार ते कल्याणला दिसत होतं. त्यानं नियतकालिकाला विचारलं. त्यांनी कळवलं, लेख मागं घेता येईल, मात्र सर्व लेखकांची संमती हवी. दिवंगत लेखकाच्या बाबतीत जवळच्या नातलगाची.

हे सांगायला तो पहिल्यांदा काष्टीला गेला तेव्हा त्याला बोलताच आलं नाही. विजयाकाकूंनी हुरडा भाजला होता. शामकांत हायस्कुलाची गोष्ट सांगत बसले, की भिंतीला रंग देऊन झालाय. कल्याण हुरडा खाऊन परत आला.

दुसऱ्या खेपेला त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. उभ्या उभ्या, मान वर न करता. शामकांत ऐकत राहिले. झालं तेव्हा ते म्हणाले, "तो नाही, तेव्हा त्याची चूक काढायला आलास."

शामकांतांनी चष्मा काढून ठेवला.

"तो असता तर त्यानं तुला समजावून सांगितलं असतं तू कुठं चुकतोयस ते. आता कोण सांगणार?"

असं म्हणून ते आत गेले. कल्याण ओट्यावर येऊन बसला. जावं असं त्याला वाटेना आणि थांबायला तोंड नव्हतं. समोरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चालल्या होत्या. उन्हं ओट्यावरून खाली उतरली. मग आतून हाक आली, "कल्याण, दाखव."

त्यानं अवधूतचा संगणक चालू केला. यंत्रावर अवधूतच्या रनचा आणि आपल्या रनचा प्रवास लावून दाखवला. पहिल्यात मधला पिवळा ठिपका जागचा हलत नव्हता. दुसऱ्यात तो आधी थबकला, मग हळूहळू एका अंगाला सरकत गेला आणि तिथं थांबला. शामकांतांनी तो पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा पाहताना ते खुर्ची पुढं ओढून बसले. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस. गणित बरोबर की चूक हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागत नव्हतं.

"ती ओळ ठेवली की किती लवकर होतं काम?" त्यांनी विचारलं.

"बरंच लवकर."

"लाईट जायच्या आत?"

कल्याणनं पडद्यावरचा ठिपका पुन्हा सुरुवातीला नेला.

"इन्व्हर्टरवर हे मशिन लावू द्यायचो नाही मी त्याला," शामकांत म्हणाले. "तुझ्या काकूचा दम्याचा त्रास. पंखा बंद पडला की तिला गुदमरायचं. लाईट गेली की मी इथं येऊन उभा राहायचो. बंद कर म्हणायचो. तो म्हणायचा, बाबा, थोडंच राहिलंय. मी उभाच."

कल्याणला ते सहन झालं नाही. तो घाईनं म्हणाला, "तो रन इथला नव्हताच, काका. कॉलेजातल्या मशिनवर झाला होता."

शामकांतांनी त्याच्याकडं पाहिलं. चुकीचं उत्तर देणाऱ्या, पण मनानं चांगल्या विद्यार्थ्याकडं पाहावं तसं.

"कॉलेजला जनरेटर आहे ना?"

"आहे."

"मग तिथं घाई कशाची?" ते म्हणाले. "राहू दे. एका दिवसात दोन चुकीची उत्तरं नकोत."

मग त्यांनी संमतीचा मजकूर स्वतः टाईप केला. एकेक अक्षर शोधून, एका बोटानं. कल्याण करतो म्हणाला, तर नको म्हणाले. इंग्रजी त्यांचं जुन्या वळणाचं, स्वच्छ. मी, अवधूतचा पिता, असं सुरू करून त्यांनी लिहिलं, की उत्तर चुकीचं आहे हे मी स्वतः पाहिलं आहे आणि लेख छापू नये अशी माझी विनंती आहे. शेवटी नाव घातलं. नावाखाली थोडा वेळ त्यांचं बोट तसंच थांबलं होतं. "शिक्षक, निवृत्त, हे लिहू का?" त्यांनी विचारलं. कल्याण म्हणाला, लिहा. त्यांनी लिहिलं, पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पाठवून दिलं.

तेवढ्यात विजयाकाकू दारात आल्या. संगणक चालू असल्याचा आवाज त्यांनी आतून ऐकला असावा. त्या खोलीत तो आवाज भादव्यापासून झाला नव्हता.

"आलं का छापून?" त्यांनी विचारलं.

"नाही," शामकांत म्हणाले. "आता नाही यायचं. गणित चुकलं होतं."

"अवधूतचं?"

"हो."

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. कुणी चुकीचा निरोप आणला असावा आणि तो कसा दुरुस्त करायचा याचा विचार करावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"त्याला कुणी सांगितलं नाही का रे वेळेवर?" त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर त्यानं लगेच सुधारलं असतं. लहानपणापासून तसाच होता. एकदा दाखवलं की पुन्हा नाही चुकायचा."

शामकांत पडद्याकडं बघत राहिले. लेखावर दुसरं नाव कल्याणचं होतं. दुसऱ्या नावाच्या माणसानं पहिल्याच्या फायली उघडून बघायच्या असतात, डोळे झाकून सही करायची नसते. तो फळ्याकडं तोंड करून रडला होता आणि ती फाईल त्यानं एकदाही उघडली नव्हती. त्याचा विश्वास होता. आणि जरा कंटाळाही होता.

"मी सांगायला हवं होतं, काकू," तो म्हणाला. "ते माझं काम होतं."

विजयाकाकूंनी त्याच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग त्या वळून आत गेल्या आणि मधलं दार त्यांनी हळूच लोटून घेतलं.

दोघं पुरुष तिथं बसून राहिले. शेवटी शामकांत उठले आणि त्यांनी संगणक बंद केला. तो कसा बंद करायचा हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"नीघ आता," ते म्हणाले. "अंधार पडला की रस्त्यावर त्या ट्रॉल्या दिसत नाहीत. मागं दिवा नसतो त्यांना."

कल्याणनं चपला घातल्या. ओट्याच्या पायरीवर त्याला वाटलं काका काही म्हणतील, ये म्हणतील किंवा नको येऊ म्हणतील. ते दारात उभे होते, एक हात कडीवर. तो गाडीला किक मारेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि मग त्यांनी आतला दिवा लावला.

पुढं पीएच. डी.चं काम त्यानं दुसऱ्या अणूवर नव्यानं मांडलं. अजून तो तासिकेवरच शिकवतो. केशरबाईचा हंगामात फोन येतो. काष्टीहून परतताना त्या दिवशीही आला होता, तो खोलीवर पोचायच्या आधीच. आवाजावरून तिला कळलं.

"काय झालं रं?"

"काय न्हाई आये. त्या हिऱ्याचं मिटलं."

"मिटलं मंजी?"

"मागं घेतला."

फडावर कुणीतरी मोठ्यानं बैलाला ओरडत होतं. केशरबाईनं तेवढं होऊ दिलं.

"त्या पोराच्या आयबापाला सांगितलंस का?"

"सांगितलं."

"तोंडानं?"

"व्हय. तोंडानं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिनं त्याला जेवला का ते विचारलं. तो जेवला नव्हता, पण व्हय म्हणाला.